तपस्तब्धी वर का सरकते आहे? चाळीस वर्षांच्या नोंदींचं एक प्रकरण

नोव्हेंबर २०२१मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. चीनमधलं नानजिंग, कॅनडातलं टोरोंटो, अमेरिकेतलं बोल्डर, ऑस्ट्रियातलं ग्राझ अशा ठिकठिकाणच्या संशोधकांनी तो मिळून लिहिला होता. निष्कर्ष थोडक्यात असा: उत्तर गोलार्धात २० ते ८० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात तपस्तब्धी, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराची वरची सीमा, १९८०पासून सतत वर सरकते आहे, आणि २००१ ते २०२० या वीस वर्षांत ती दर दशकाला ५० ते ६० मीटर या वेगाने वर गेली.

आकडा लक्षात राहण्याजोगा आहे, पण मला या निबंधातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते निराळंच. १९८० ते २००० या काळात तपस्तब्धी वर गेली हे आधीच ठाऊक होतं, आणि त्यामागे दोन कारणं होती. २०००च्या आसपास त्यातलं एक कारण ढिलं पडलं. तेव्हा वेग मंदावेल की तसाच राहील, यावर अभ्यासकांचं एकमत नव्हतं. नोंदी तपासल्यावर दिसलं की तो जवळजवळ होता तसाच राहिला. हे कशामुळे झालं, आणि ते सांगता येण्याइतकं बारीक मोजमाप कुठून आलं, ते या लेखात पाहू.

सीमा म्हणजे नेमकं काय

शाळेच्या भूगोलात तपांबर आणि स्थितांबर शिकलेलो असतो. तपांबरात जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होत जाते. स्थितांबरात ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषतो, त्यामुळे तिथे तापमान उतरायचं थांबतं आणि पुढे वाढू लागतं. या दोहोंच्या मधली सीमा म्हणजे तपस्तब्धी. विषुववृत्ताच्या पट्ट्यात ती साधारण १६ ते १८ किलोमीटरवर असते, ध्रुवांकडे ८ ते ९ किलोमीटरवर.

ही सीमा सापडली तीच मुळी मोजमापावरच्या संशयातून. फ्रान्समधले लेऑं तेस्राँ द बोर पॅरिसजवळच्या त्राप इथून तापमापक लावलेले फुगे सोडत. ११ किलोमीटरच्या आसपास तापमान उतरायचं थांबतं असं त्यांना दिसू लागलं, तेव्हा त्यांनी आधी उपकरणावरच शंका घेतली. ऊन लागून तापमापक तापत असेल, म्हणून फुगे रात्री सोडून पाहिले. २३६ उड्डाणांच्या नोंदी हाती आल्यावर १९०२मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. जर्मनीत रिचर्ड आसमान यांनीही त्याच वर्षी तेच सांगितलं. उपकरणाला लागणाऱ्या उन्हाचा हा प्रश्न पुढे शंभर वर्षं हवामान अभ्यासकांच्या मानगुटीवर बसणार होता.

आज वापरात असलेली व्याख्या जागतिक हवामान संघटनेने १९५७मध्ये ठरवली. वर जाताना तापमान घटण्याचा दर किलोमीटरला २ अंश किंवा त्याहून कमी होतो ती सर्वांत खालची पातळी म्हणजे तपस्तब्धी; मात्र त्या पातळीपासून वरच्या २ किलोमीटरच्या आतल्या कुठल्याही उंचीपर्यंतचा सरासरी दरही २ अंशांच्या वर जाता कामा नये. ही दुसरी अट महत्त्वाची. ती नसती तर हवेतल्या एखाद्या पातळ उबदार थरालाच आपण सीमा समजून बसलो असतो.

दोन बाजूंचा जोर

थोडं गणित करून पाहू, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. मध्य अक्षांशांच्या प्रमाण वातावरणात जमिनीवर १५ अंश सेल्सिअस धरतात, आणि दर किलोमीटरला ६.५ अंशांची घट. ११ किलोमीटरवर तापमान उणे ५६.५ अंशांवर येतं. तिथून वर काही किलोमीटर ते तेवढंच राहतं. ही झाली तपस्तब्धी.

आता सगळं तपांबर १ अंशाने तापलं असं समजा. जमिनीवर १६ अंश झाले, घटीचा दर तोच राहिला, वरचं स्थितांबर आहे तसंच. उणे ५६.५पर्यंत उतरायला आता ११ किलोमीटर पुरत नाहीत, ७२.५ भागिले ६.५, म्हणजे साधारण ११.१५ किलोमीटर लागतात. सीमा दीडशे मीटर वर गेली. उलट तपांबर तसंच ठेवलं आणि स्थितांबर १ अंशाने थंड केलं, तरी सीमा तेवढीच वर जाते. दोन्ही एकदम झालं तर तीनशे मीटर. आणि दोन्ही थर सारखेच तापले, तर सीमा जागची हलत नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. पृथ्वी तापते आहे ती सूर्य प्रखर झाल्यामुळे, असं कोणी म्हणालं तर त्याला इथे अडचण येते. प्रखर सूर्याने स्थितांबरही तापायला हवं, आणि मग सीमा अशी वर सरकायला नको. कार्बन डायऑक्साइड वाढला की मात्र खालचा थर तापतो आणि स्थितांबर निवतं. ओझोन घटला तरी स्थितांबर निवतं, कारण अतिनील किरणं शोषणाराच कमी झालेला असतो. दोन्ही माणसाच्या कामाचे परिणाम, आणि दोन्ही सीमेला वर ढकलणारे.

लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले बेन सँटर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३मध्ये 'सायन्स'मध्ये हाच मुद्दा मांडला. १९७९पासून तपस्तब्धी काहीशे मीटर वर गेली आहे असं निरीक्षणांतून दिसत होतं. संगणकी प्रारूपांत १९७९ ते १९९९ या काळात जी वाढ दिसली तिच्यातला सुमारे ८० टक्के वाटा ओझोनमधले बदल आणि हरितगृह वायू यांचा निघाला. मात्र त्या काळात दोन्ही कारणं एकाच वेळी काम करत होती. ओझोन पातळ होत होता आणि तपांबर तापत होतं. निव्वळ नोंदींवरून दोघांचे वाटे वेगळे करणं अवघड होतं.

मग परिस्थितीनेच वाट करून दिली. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन घटवणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनांना आळा बसला आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून खालच्या स्थितांबराचं निवणं बरंच मंदावलं. एक जोर कमी झाला, दुसरा चालू राहिला. असं तपासणीला सोयीचं वातावरण हवामानशास्त्रात क्वचित मिळतं. प्रयोगशाळेत पृथ्वी ठेवून एक कळ बंद करून पाहता येत नाही. इथे ती जवळपास आपोआप बंद झाली होती.

फुगे, आणि जुने उपग्रह

आता अडचण मोजमापाची. वरच्या गणिताने दशकाला ५० मीटर म्हणजे दोन थरांच्या तापमानातली तफावत दशकाला अंशाच्या जेमतेम एक तृतीयांशाने वाढणं. एवढा बारीक बदल वीस-चाळीस वर्षं न डळमळता मोजायचा, आणि तोही अशा सीमेचा जी एखाद्या ठिकाणी काही दिवसांत किलोमीटर-दोन किलोमीटर वरखाली होते.

रेडिओसोंड, म्हणजे फुग्याला बांधलेलं हवामान उपकरण, हा सर्वांत जुना मार्ग. जगभर दिवसातून दोनदा एकाच वेळी हे फुगे सोडले जातात. आपल्याकडे ती वेळ सकाळ-संध्याकाळच्या साडेपाचला धरून असते. फुगा तासा-दीड तासात ३० किलोमीटरच्या आसपास जाऊन फुटतो आणि वाटेत तापमान, दाब, आर्द्रता पाठवत राहतो. उंचीनुसार बारीक नोंद देण्यात तो उत्तम. पण चाळीस वर्षांत उपकरणं बदलतात, संवेदकांचे प्रकार बदलतात, उन्हाची दुरुस्ती करण्याची सूत्रं बदलतात. प्रत्येक बदलाला नोंदीत एक बारीकशी पायरी पडते, आणि ती पायरी हवामानातला बदल समजून घ्यायची चूक सहज होते. शिवाय केंद्रं बहुतेक जमिनीवर. महासागरावर आणि दक्षिण गोलार्धात मोठमोठे रिकामे पट्टे राहतात. २०२१च्या निबंधात उत्तर गोलार्धाचाच पट्टा दिसतो तो याच कारणाने.

१९७८च्या अखेरीपासून उपग्रहांवरची मायक्रोवेव्ह उपकरणंही हवेचं तापमान मोजत आली आहेत. ती एका वेळी कित्येक किलोमीटर जाडीच्या थराची सरासरी देतात. अशा जाड थरात तपस्तब्धीसारखी धारदार सीमा हरवून जाते. त्यातच उपग्रहांची कक्षा हळूहळू घसरते, स्थानिक वेळ सरकते, एका उपग्रहाची नोंद पुढच्याशी जुळवावी लागते. कक्षा खाली आल्यामुळे तपांबराच्या तापमानात खोटी घट दिसते, हे १९९८मध्ये दाखवून दिलं गेलं, आणि त्यावरून दोन संशोधक गटांमधला वाद पुढे बरीच वर्षं चालला.

वेळ मोजणारं साधन

यातून वाट काढली ती मूळ ग्रहांच्या अभ्यासासाठी निघालेल्या एका पद्धतीने. जुलै १९६५मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाच्या मागे जाताना त्याचे रेडिओ संकेत मंगळाच्या हवेतून वाकून पृथ्वीवर आले, आणि त्या वाकण्यावरून तिथली हवा किती विरळ आहे हे कळलं. या पद्धतीला रेडिओ ऑकल्टेशन म्हणतात. पृथ्वीसाठी ती वापरायची तर योग्य जागी सतत संकेत सोडणारे उपग्रह हवे होते. जीपीएसने ती सोय केली. १९९५मध्ये मायक्रोलॅब-१ या छोट्या उपग्रहावर पहिला प्रयोग झाला.

एक नोंद कशी घेतली जाते ते नीट पाहू. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहे. खाली काहीशे किलोमीटर उंचीवर दुसरा उपग्रह धावतो आहे, त्यावर ग्राहक, म्हणजे संकेत टिपणारं उपकरण, बसवलेला. पृथ्वीच्या कडेआड जाताना या ग्राहकाला जीपीएसचा उपग्रह 'मावळताना' दिसतो. दोघांमधली रेषा आधी हवेच्या वरून जाते, मग विरळ हवेतून, मग दाट हवेतून, आणि शेवटी जमीन आड येते. हे सगळं मिनिट-दोन मिनिटांत. हवा जितकी दाट तितका संकेत वाकतो आणि तितका उशिरा पोचतो. जमिनीजवळ वाकणं एखाद्या अंशाचं असतं; १७ किलोमीटरवर ते अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास येतं. ग्राहक एका सेकंदात पन्नास वेळा किंवा त्याहून अधिक वेळा संकेताची कला, म्हणजे लहर त्या क्षणी कुठल्या टप्प्यावर आहे ते, मोजतो.

आयनांबर, म्हणजे खूप वरचा विद्युतभारित कणांचा थर, हाही संकेताला वाकवतो, पण दोन वारंवारितांना वेगवेगळं. जीपीएस १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारितांवर बोलतो, त्यामुळे तो भाग वजा करता येतो. उरलेलं वाकणं हवेचं. मग वरच्या थरापासून सुरुवात करून, कांद्याचे पापुद्रे सोलावेत तसा एकेका थराचा वाटा काढत खाली येतात. प्रत्येक उंचीवरचा अपवर्तनांक मिळतो, त्यातून घनता, घनतेतून दाब, दाबातून तापमान. तपस्तब्धीजवळ बाष्प नगण्य असल्याने तिथे ही साखळी फारच स्वच्छ चालते. ८ ते २५ किलोमीटर हा तिचा सर्वांत विश्वासाचा पट्टा. आपल्याला हवी ती सीमा नेमकी त्यातच आहे.

या पद्धतीवर माझा एवढा भर का, तर तिच्या मुळाशी वेळेचं मोजमाप आहे. वेळ अणुघड्याळाला बांधलेली असते आणि अणुघड्याळ दशकादशकाने सरकत नाही. उपकरणाला ऊन लागलं, संवेदक जुना झाला, या तक्रारींना इथे जागाच राहत नाही. ढग आड येत नाहीत, रात्र-दिवस सारखेच. तैवान आणि अमेरिकेने एप्रिल २००६मध्ये कॉस्मिक या नावाचे सहा उपग्रह सोडले. सुरुवातीच्या दिवसांत ते एकमेकांच्या जवळून जात होते, तेव्हा दोन वेगवेगळ्या उपग्रहांनी एकाच हवेच्या घेतलेल्या नोंदी जवळपास एकावर एक बसल्या. जुन्या आणि नव्या उपग्रहांच्या नोंदी जुळवताना लागणारी ओढाताण इथे फारशी करावी लागत नाही.

उणिवाही आहेत. एकेक नोंद आडव्या दिशेने दोन-तीनशे किलोमीटरची सरासरी असते. जमिनीजवळच्या दमट हवेत बाष्प आणि तापमान यांचे परिणाम वेगळे करणं कठीण जातं. आणि सलग नोंद सुरू होते ती जर्मनीच्या चॅम्प उपग्रहापासून, म्हणजे २००१मध्ये. त्याआधीच्या वीस वर्षांसाठी फुग्यांशिवाय गत्यंतर नाही.

२००० नंतर काय दिसलं

म्हणूनच २०२१च्या अभ्यासात दोन्ही साधनं एकत्र आली. सीमेची उंची चाळीस वर्षं फुग्यांनी दिली. तपांबर किती तापलं, स्थितांबर किती बदललं, हे वाटे काढायला उपग्रहांच्या नोंदी आणि पायऱ्या काढून सारख्या केलेल्या फुग्यांच्या नोंदी वापरल्या. ज्वालामुखी, एल निनो यांसारखी नैसर्गिक कारणं गणितातून बाजूला काढली. हे न करता चालत नाही: १९८२चा एल चिचोन आणि जून १९९१चा पिनाटुबो या उद्रेकांनी स्थितांबरात गंधकाचे कण फेकले, ते काही काळ तापलं आणि सीमा खाली दबली. मालिकेच्या आरंभी किंवा अखेरीस असा एखादा उद्रेक किंवा जोरदार एल निनो पडला, तर सरळ रेषेचा उतार फसवा निघतो.

हे सगळं वजा केल्यावरही वाढ उरली. २००१ ते २०२० मधला वेग आधीच्या वीस वर्षांच्या तोडीचा होता. आणि वाटे काढल्यावर दिसलं की २०००नंतरची वाढ मुख्यतः तपांबर तापल्यामुळे आहे. आधी दोघे मिळून ढकलत होते ते काम आता मुख्यतः एकटा करतो आहे.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात. एक, ओझोनबाबतचा करार लागू पडला हे सीमेच्या हिशेबातही उमटलं. दोन, खालच्या बाजूचा जोर आधीपेक्षा वाढला असला पाहिजे, नाहीतर वेग टिकला नसता. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालातही याला धरून एक विधान आहे: उष्ण कटिबंधात वरचं तपांबर २००१पासून तरी जमिनीलगतच्या हवेपेक्षा जलद तापलं आहे, आणि २००१ हे साल धरलं आहे ते नव्या निरीक्षणपद्धतींमुळे तेव्हापासूनची मोजणी अधिक भक्कम झाली म्हणून. वरची हवा तापत नाही हा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला जात होता. त्याला उत्तर मिळण्यात या उपग्रहांचा मोठा वाटा आहे.

सीमा दोनशे मीटर वर गेल्याने उद्या कोणाचं पीक जाणार नाही किंवा विमान अडणार नाही. तिचा उपयोग खुणेसारखा आहे. जमिनीवरच्या तापमापकाशेजारी शहर वाढतं, झाडं तोडली जातात, डांबर पसरतं. अकरा किंवा सतरा किलोमीटरवर यांतलं काही पोचत नाही. तिथली खूण हलली तर शहरांच्या उष्णतेकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

वीस अंशांच्या खाली

अभ्यासाची दक्षिण सीमा २० अंश उत्तर. ही रेषा नाशिकजवळून जाते. नागपूर, धुळे, जळगाव तिच्या वर येतात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा खाली राहतात. म्हणजे महाराष्ट्राचा बराचसा भाग या निष्कर्षाच्या बाहेर आहे, आणि तिथे हेच आकडे जसेच्या तसे लावणं बरोबर होणार नाही.

आपल्याकडची सीमा वागायलाही निराळी आहे. इथे ती १६-१७ किलोमीटरवर असते आणि तिथलं तापमान उणे ८० अंशांच्या आसपास उतरतं. पृथ्वीभोवतीची सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्तावर, सतराएक किलोमीटर उंचीवर आहे, हे भारतीय हवामान खात्यातल्या के. आर. रामनाथन यांनी १९२९मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं. पावसाळ्यातले मोठे गडगडाटी ढग या पातळीपर्यंत चढतात. इथल्या सीमेवर विषुववृत्तीय स्थितांबरात सव्वादोन वर्षांच्या आसपास दिशा पालटणारे वारे आणि एल निनो यांचाही पगडा असतो. त्यामुळे कमी वर्षांच्या नोंदीवरून कल काढणं इथे अधिक जोखमीचं ठरतं. आपल्या फुगाकेंद्रांवरही अनेक दशकांत उपकरणांचे प्रकार बदलत गेले आहेत, म्हणून जुन्या मालिका वापरताना फार सावध राहावं लागतं.

इथे उपग्रहांची गरज आपल्याला युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त आहे. भारताने सप्टेंबर २००९मधल्या ओशनसॅट-२वर आणि ऑक्टोबर २०११मधल्या मेघा-ट्रॉपिक्सवर 'रोसा' हा इटलीचा ऑकल्टेशन ग्राहक बसवला होता. मेघा-ट्रॉपिक्स ७ मार्च २०२३ रोजी ठरवून खाली आणून प्रशांत महासागरावर नष्ट करण्यात आला. दुसरीकडे जून २०१९मध्ये कॉस्मिक-२चे सहा उपग्रह विषुववृत्ताशी २४ अंश कललेल्या कक्षेत गेले. आपल्या अक्षांशांवर त्यांच्या नोंदी भरपूर मिळतात. वरच्या अक्षांशांसाठी योजलेला त्यांचा दुसरा संच मात्र रद्द झाला. तिथली मदार आता युरोपच्या मेटऑप या हवामान उपग्रहांच्या मालिकेवर, २०२०च्या सेंटिनेल-६वर आणि नोंदी विकणाऱ्या खासगी उपग्रहांवर आहे.

विकत घेतलेल्या नोंदी दैनंदिन अंदाजाला चालतात. हवामानबदलाच्या मालिकेसाठी कच्च्या मोजमापापर्यंत सगळं खुलं राहायला हवं, कारण वीस वर्षांनी कोणीतरी ते नव्या सूत्रांनी पुन्हा सोडवणार असतं. मूळ कॉस्मिकच्या नोंदी तशा खुल्या आहेत, कॉस्मिक-२च्याही. २००६पासूनच्या या दोन मालिका जोडल्या की २० अंशांच्या खालच्या पट्ट्यासाठीही दोन दशकांची सलग नोंद हाती येते. पुण्यातली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि तिरुपतीजवळच्या गादंकीची राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा इथे या नोंदी वाचणारी, तपासणारी माणसं आहेत. मुंबई आणि गोव्याच्या डोक्यावरची सीमा किती सरकली, हा हिशेब आता त्यांच्या आवाक्यात आला आहे.